दोघांच्या वाट्याची झोप

हे लिहिणारच नव्हतो. आधी सुरू केलं आणि पुसलं, मग परत सुरू केलं आणि परत पुसलं. सलग बसवत नाही सध्या. चार ओळी टाइप होतात, मग भिंतीकडे बघत बसतो. तेव्हा येईल तसं, तुकड्यातुकड्यात लिहितोय. शाळा मी मधेच सोडली. मोबाइल दुरुस्त करायला व्हिडिओ बघून शिकलो, लिहायला तर कुणीच शिकवलं नाही. पण पान्या म्हणाला, "तू लिही. नाहीतर पुढच्या वेळी तूच म्हणशील, असं काही झालंच नव्हतं."

खरंय त्याचं. आमच्या घरात तसंच होत आलंय.

पान्या माझा मित्र. नळ, पाइप, गळती हे त्याचं काम. खिशात कायम पाना असतो म्हणून पान्या. मला तो इस्क्रू म्हणतो, कारण माझं आयुष्य तांदळाच्या कणीएवढ्या इस्क्रूंमध्ये जातं. आमची ओळख शाळेत झाली नाही की गल्लीत झाली नाही. एका संशोधनाच्या बाकावर झाली.

म्हणजे असं. माझ्या बाबांना बायपोलर आजार आहे, मन कधी खूप खाली जातं, कधी नको तेवढं वर. पान्याच्या आईला होता. आईबापाला हा आजार असला म्हणजे मुलांना होतोच असं नाही, पण इतरांपेक्षा शक्यता जास्त. मोठ्या हॉस्पिटलच्या मागे एक जुनी इमारत आहे, तिथली मंडळी अशा मुलांना मिसरूड फुटायच्या आधीपासून धरतात आणि वर्षानुवर्षं बघत राहतात. इलाज करायला नाही. आजार येतो तर कुठल्या वाटेने येतो, आधी काय बिघडतं, मग काय, ते कळावं म्हणून. आम्ही दोघं त्या यादीत. पान्या म्हणायचा, "आपण फ्रीजमधली भाजी आहोत रे. रोज दार उघडून बघतात, सडली का."

तिथे एक ताई आहे. कागद वगैरे तीच भरून घेते, गप्पाही तीच मारते. काहीही विचारायचं असलं तरी तिची सुरुवात एकच, "झोप कशी आहे?" म्हणून तिचं नाव झोपताई. तिला ते माहीत आहे. एकदा म्हणाली, "याहून वाईट नावं पडलीत मला."

तिने एकदा आम्हाला रेघ काढून दाखवली होती. मधे एक आडवी रेघ, ती म्हणजे आपलं नेहमीचं असणं. म्हणाली, "बऱ्याच जणांची पहिली घसरण असते. मुलगा गप्प होतो, पलंग सोडत नाही. घरचे म्हणतात आळशी आहे. चढ येतो तो नंतर, कधी कधी खूप वर्षांनी. आणि घसरलेला माणूस वर यायला लागला की घरच्यांना एवढा आनंद होतो, की तो रेघेवर थांबला नाही हे कुणी बघतच नाही."

मला हे समजवायची गरज नव्हती. बाबांनी एकदा स्वयंपाकघराची भिंत फोडली होती. उजेड कमी येतो म्हणून. मी लहान होतो. त्याआधी कित्येक महिने बाबा अंथरुणातून उठले नव्हते, आणि त्या दिवशी घाम गाळत, गाणं म्हणत घण घालत होते. आम्ही टाळ्या वाजवत होतो. आई विटा उचलून बाहेर नेत होती, हसत हसत. उठलेला नवरा दिसत असताना भिंतीचं काय वाटणार तिला? पुढे काय झालं ते लिहीत नाही. भिंत मामाने नंतर बांधून दिली. तिचा रंग अजून वेगळा दिसतो.

आणि शाळा सुटली तेव्हा मी स्वतः किती तरी दिवस पडून होतो. आत्या म्हणाली, फुकट खायची सवय लागली. झोपताईने ते माझ्या रेघेवर खाली टिंब देऊन मांडलं होतं. तेव्हापासून पान्या आणि मी एकमेकांना विचारायचो, "कुणाचा नंबर आधी लागणार?" गमतीत विचारायचो. पण दर वेळी विचारून झालं की लगेच विषय बदलायचो.

थांबलो होतो. परत आलोय.

गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला मनगटाला पट्टे दिले. घड्याळासारखे, पण वेळ दाखवत नाहीत. करडे, कुरूप. तुम्ही किती हलता, केव्हा निजता, केव्हा उठता, सगळं त्यात साठतं. ठरलेल्या तारखेला जाऊन ते तिथल्या कॉम्प्युटरला लावून यायचे, मग झोपताईच्या पडद्यावर रात्रींचे काळे ठोकळे उमटतात. रुंद ठोकळा म्हणजे चांगली झोप.

त्याच सुमाराला पान्याचं जमलं. मुलगी गाडी चालवायला शिकवते. हा शिकायला गेला, पहिल्याच दिवशी गिअरचा दांडा असा पिळला की ती म्हणाली, "अहो, नळ नाहीये तो." तिथून सुरू. आम्ही तिला गाडीवालीच म्हणतो. तिच्या घरी लग्नाची बोलणी चालली होती. पान्याची आई गेली एवढं गाडीवालीला माहीत होतं. कशी गेली, ते त्याने सांगितलं नव्हतं. आजारात गेली, एवढंच. खोटं नव्हतं ते.

एक दिवस संध्याकाळी तो दुकानात आला. मी काम करतो ते दुकान म्हणजे एक काउंटर, एक भिंगाचा दिवा आणि मागे डब्यांची रास. पान्या नवीन खोली रंगवत होता, अंगावर पांढरे शिंतोडे होते.

"इस्क्रू, झोप कमी झालीय माझी."

"कसलं टेन्शन?"

"टेन्शन नाही रे! मजा येतेय. तिच्याशी बोलत बसतो, मग खोलीचं काम काढतो, मग डोक्यात काही ना काही शिजतच असतं."

"मग झोपताईला सांग."

"डोकं फिरलंय का? तिला सांगू की ताई, मी खूश आहे, झोप कमी झालीय आणि डोक्यात नवेनवे बेत आहेत? आत टाकेल मला. आपल्याला आनंदसुद्धा डॉक्टरांना दाखवून घ्यावा लागतो." मग त्याने पट्टा काढून काउंटरवर ठेवला. "तू घाल रात्रीचा. तू दगडासारखा पडतोस. दोघांच्या वाट्याची झोप काढ."

"आणि खरंच तुझा नंबर लागला असेल तर?"

त्याने नखावरचा रंग खरवडला. म्हणाला, "लग्न होऊ दे. मग लागू दे."

मी हो म्हणालो. मित्र आहे. संध्याकाळी घरी जाताना तो पट्टा दुकानात टाकायचा, सकाळी कामावर जाताना घेऊन जायचा. मी रात्री दोन्ही मनगटांवर एकेक बांधून निजायचो. बाबांनी विचारलं नाही. आईने विचारलं तर म्हणालो, संशोधन आहे.

आम्हा दोघांना सगळं माहीत होतं. चढ कसा येतो, घरचे कसे फसतात, सगळं तोंडपाठ. म्हणूनच ही चूक आम्हीच करू शकत होतो. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात पट्टा बदलायचं आलंच नसतं.

आता पुढचा तुकडा. हा लिहायला सगळ्यात जड जातोय, कारण ते दिवस चांगले होते.

हात चालायला लागले माझे. ज्या बोर्डवर मी आधी अर्धा दिवस घालवायचो तो बघताक्षणी कळायला लागला, बिघाड कुठे आहे ते दिसायचंच. गिऱ्हाइकांशी मी कधी धड बोललो नव्हतो, आता ती मुद्दाम थांबायची माझ्याशी गप्पा मारायला. मालक म्हणाला, "काय रे, पंख फुटले का तुला?" सकाळी पान्या पट्टा न्यायला यायचा तेव्हा माझं शटर आधीच वर असायचं. तो म्हणायचा, "लवकर आलास?" मी म्हणायचो, "काम आहे." आणि खरंच काम होतं. त्याला तिथे काही खटकलं नाही. मीच त्याच्या डोळ्यांकडे बघायचो, तो कसा आहे ते. लाल आहेत का, बडबड वाढलीय का. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो, हे मला अजून हसवतं. हसवतं म्हणजे, तुम्ही समजा.

आई खुलली होती. मी वाढून घ्यायचो, परत मागायचो, जेवताना सगळ्यांना गोष्टी सांगायचो. ती शेजारणीला म्हणाली, "माझा मुलगा परत आला." बाबा समोर बसलेले असायचे. गोळ्यांनी त्यांचे हात थरथरतात, घास तोंडाशी न्यायला वेळ लागतो. एका दुपारी मी काहीतरी सांगत होतो, नव्या दुकानाचं, स्वतःच्या, आणि बाबांनी मान वर केली. म्हणाले, "हळू."

आई म्हणाली, "हो रे, हळू जेव, ठसका लागेल."

बाबा माझ्याकडेच बघत राहिले. मग खाली बघून जेवायला लागले.

पान्याची तारीख माझ्या आधी होती. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. झोपताईने पट्टा लावला, पडदा बघितला आणि उठून दार लोटलं. दार लोटलं म्हणजे बातमी वाईट, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. काळे ठोकळे रुंद होते, मग अरुंद, मग आणखी अरुंद, शेवटी नुसत्या काड्या. म्हणाली, "हे बघ. आणि तू थकलेला दिसत नाहीस. मला याचीच भीती वाटते."

पान्या म्हणाला, "हे माझं नाही."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली.

तो हसायला लागला होता, तो तिथेच थांबला. कारण तेवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला, की त्या रात्री कुणाच्या आहेत.

त्याच्याकडे दोन रस्ते होते. गप्प बसला तर काड्या त्याच्या नावावर. मग घरी फोन, तपासण्या, लग्नाचं जे व्हायचं ते. बोलला तर माझ्या नावावर. तो म्हणाला, "ताई, मला थोडा वेळ द्या," आणि तिथून तडक माझ्याकडे आला.

मी तेव्हा दुकानात होतो. मालक बाहेरगावी गेला होता आणि मला एक युक्ती सुचली होती. एकेक फोन उघडून एकेक जोडायचा यात केवढा वेळ वाया जातो. सगळे एकदम उघडायचे. सगळे पडदे एका बाजूला, सगळ्या बॅटऱ्या एका बाजूला, सगळे बोर्ड एका रांगेत. मग एका फेरीत सगळे दुरुस्त. इतकं साधं! कुणाला आजवर कसं सुचलं नाही? पान्या आला तेव्हा दुकानातला एकही फोन बंद नव्हता. म्हणजे, उघडा नाही असा एकही नव्हता. काउंटर भरला म्हणून मी जमिनीवर मांडले होते. इस्क्रू सगळे एका वाटीत.

पान्याला फोनमधलं काही कळत नाही. पण वाटीकडे बघून तो म्हणाला, "कुठला इस्क्रू कुठला, ते कसं कळणार तुला?"

"कळतं मला."

"इस्क्रू, किती झोपलास काल?"

"तू झोपताई झालास का आता?"

"तिच्याकडूनच आलोय. रात्री तुझ्या होत्या रे. माझ्या नावावर तुझ्या रात्री आहेत."

मी काय बोललो ते लिहायला हवं, नाहीतर बाकी लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, जळतोस तू. आयुष्यभर गटारात हात घालतोस आणि माझं जरा बरं चाललं की बघवत नाही. म्हणालो, तू वेडा होणार आहेस आणि ते माझ्या अंगावर ढकलतोयस. त्याने हात धरला, मी झटकला. आणि मग म्हणालो, "तुझी आई गेली त्या दिवशी तू घरातच होतास ना? तेव्हा काही दिसलं नाही, आणि आता माझं दिसतंय?"

त्याने खिशात हात घातला. त्याचा पट्टा काढला, स्वतःच्या मनगटाला बांधला. बक्कल पहिल्यांदा लागलं नाही, त्याने परत लावलं. मग जमिनीवरच्या फोनांमधून वाट काढत, एकाही तुकड्यावर पाय न देता बाहेर गेला.

मला वाटलं, जिंकलो.

तो परत झोपताईकडे गेला आणि सगळं सांगितलं. मग माझ्या घरी गेला. दुपारी उन्हं उतरायच्या आत आई दारात उभी होती, मागे पान्या. आईने दुकानाकडे बघितलं. एक फोनचं कव्हर उचललं, हातात धरलं, आणि होतं तिथेच परत ठेवलं. भिंतीच्या वेळी ती विटा वाहत होती. या वेळी तिने काही उचललं नाही. नुसती म्हणाली, "चल बाळा."

मी सरळ गेलो नाही. काय काय केलं ते तिला आणि पान्याला माहीत आहे, पुरे. पान्याच्या कपाळावर खूण आहे.

पुढचे काही आठवडे हॉस्पिटल. मग रेघेच्या खाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नसतं, तेच तर त्याचं वाईट आहे.

फोन जुळले नाहीत. मालकाने दुसऱ्या कारागिराला बसवलं, तो कपाळाला हात लावून निघून गेला. एक टॅक्सीवाला होता, त्याची सगळी गिऱ्हाइकं त्या फोनवर. तो रोज येऊन दारात उभा राहायचा म्हणे, भांडायचा नाही, नुसता उभा राहायचा. मालकाने मला काढलं, तेही आईला फोन करून, हळू आवाजात. ओरडला असता तर बरं झालं असतं.

झोपताई भेटायला आली होती. मी विचारलं, "माझी रेघ काढली?" म्हणाली, काढली. पण पट्ट्याचे ते आठवडे त्यांना काढून टाकावे लागले, दोघांचेही. कुठली रात्र कुणाची याची खात्री देता येत नाही. "संशोधनाच्या लेखी ते आठवडे तुम्ही जगलाच नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुझी तारीख अजून लांब होती. त्याचा पट्टा तुझ्या हातावर नसता, तर मला एवढ्यात कळलंच नसतं." हे तिने कौतुकाने सांगितलं नाही. नुसतं सांगितलं.

मी विचारलं, "आणि पान्या?"

"त्याचा पट्टा आता त्याच्याच हातावर आहे. झोप ठीक आहे. जरा कमी होती, खोलीचं काम संपलं तशी वाढली."

"म्हणजे तो नुसता खूश होता?"

"हो," ती म्हणाली. "अजूनपर्यंत."

पान्याने गाडीवालीला सगळं सांगितलं. आईचं, आजाराचं, पट्ट्याचं. मला वाटलं होतं ती आजार ऐकून मागे हटेल. ती म्हणाली, "आजाराचं बघू आपण. पण तू माझ्यासाठी खोटी झोप आणलीस. उद्या माझ्यासाठी आणखी काय खोटं आणशील?" बोलणी थांबलीत. मोडलेली नाहीत, थांबलीत. नवीन खोलीला कुलूप आहे. आतल्या भिंती अर्ध्या पांढऱ्या.

आई आता गोळ्या काढते त्या दोघांच्या एकदम काढते. बाबांच्या तळहातावर, मग माझ्या. आम्ही एकाच तांब्यातलं पाणी पितो. काल बाबांचा हात थरथरला आणि गोळी पडली. मी वाकून उचलून दिली. माझाही हात थरथरत होता. दोघांनी ते बघितलं.

संपवतो आता. दमलो.

पान्या रोज येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं शिव्या घालेल. तो पाना घेऊन सरळ मोरीत गेला.

आई म्हणाली, "अरे, नळ गळत नाहीये."

"गळेल काकू," तो म्हणाला आणि नळ खोलून बसला.

तेव्हापासून आमचा नळ रोज दुरुस्त होतो. तो तिथून बोलतो, मी पलंगावरून ऐकतो. बहुतेक वेळा उत्तर देत नाही. आज दिलं. मी म्हणालो, "तुझ्या आईबद्दल बोललो ते..."

"दिसलं नव्हतं," तो म्हणाला. पाना फिरवायचा थांबला होता. "तू विचारलंस ते खरंच होतं. आई त्या दिवशी घर आवरत होती, मला वाटलं बरी झाली. मी आनंदाने बाहेर खेळायला गेलो. परत आलो तोवर तिने जीव दिला होता. म्हणून तर तुझ्या वेळी धावत आलो ना, गाढवा."

त्याने नळ बंद केला. मग तो बाहेर येऊन पलंगाच्या कडेला बसला, ओल्या हातांनी. कपाळावरची खूण जवळून पहिल्यांदाच बघितली मी.

"परत येईल हे," तो म्हणाला. "तुला येईल. मलाही येईल कदाचित. तेव्हा तू ऐकणार नाहीस माझं."

"नाही ऐकणार," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? त्या दिवसांत मला ऐकूच येत नव्हतं.

"मग?"

मी विचार केला. विचार सध्या ओल्या गोणीसारखा ओढावा लागतो. मी चांगला वागेन, हे मला म्हणता येत नव्हतं. चिडणार नाही, हेही नाही. तेव्हा जे झेपेल तेवढंच म्हणालो. म्हणालो, "पान्या, माझा पट्टा माझ्याच हातावर राहील आणि तुझा तुझ्या. आणि पुढच्या वेळी तू येऊन 'चल' म्हणालास की मी तुला शिव्या देईन, जळतोस म्हणेन, तोंडाला येईल ते बोलेन. पण बोलत बोलत का होईना, तुझ्या मागून चालत येईन."

त्याने हात पुढे केला. मी धरला. "येईन," मी म्हणालो.

हे त्यासाठी लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी मी नाही म्हणालो, तर त्याने हे मला वाचून दाखवावं.